रोमन हॉलिडे : ॲनने जोला माफ केलं, आपण करायचं का?

मळेकरीण

शनिवारी आमच्या वाचनालयात 'रोमन हॉलिडे' दाखवला आणि नंतर चहा थंड होईपर्यंत सगळे भांडत बसले. वाद एकाच गोष्टीचा. जो ब्रॅडलीने दिवसभर त्या मुलीला फसवलं, तर तिने त्याला माफ केलं का? केलं असेल तर नेमकं कधी? तिथे कुणाचं समाधान झालं नाही, म्हणून इथे धागा काढते.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सिनेमा १९५३ चा, दिग्दर्शक विल्यम वायलर. राजकन्या ॲन (ऑड्री हेपबर्न) दौऱ्यावर रोमला आलेली असते. तिचा देश कुठला ते सिनेमा शेवटपर्यंत सांगत नाही. रोज तीच स्वागतं, तीच पाठ केलेली वाक्यं. एका रात्री तिला रडू आवरत नाही, डॉक्टर झोपेचं औषध टोचतात, आणि ते चढायच्या आत ती एका ट्रकमध्ये लपून वकिलातीबाहेर पडते. रस्त्याकडेला पेंगताना ती जो ब्रॅडली (ग्रेगरी पेक) या अमेरिकन बातमीदाराला सापडते. हिला चढलीय असं समजून तो नाइलाजाने तिला आपल्या खोलीवर झोपू देतो. सकाळी ऑफिसात संपादकाची बोलणी खाताना पेपरातला फोटो दिसतो आणि आपल्या खोलीवर कोण झोपलंय ते त्याला कळतं.

खोटेपणा सुरू होतो तो इथून. संपादकाशी तो पाच हजार डॉलरचा सौदा करतो, अर्व्हिंग नावाच्या फोटोग्राफर मित्राला सोबत घेतो आणि ॲनला सांगतो की मी खतं-रसायनं विकतो. ती सांगते, मी शाळेतून पळून आलेय, नाव आन्या. मग दिवसभर रोम. केस कापणं, आइस्क्रीम, व्हेस्पा, रात्री नदीवरचा नाच. अर्व्हिंगच्या सिगरेट लायटरमध्ये कॅमेरा आहे आणि तो टिपत सुटलाय, हे तिच्या गावीही नसतं.

आता माझं म्हणणं. जो माफी मागत नाही म्हणून लोक त्याला दोष देतात. पण नाचाच्या जागी तिला शोधायला आलेल्या तिच्या देशाच्या गुप्तहेरांशी मारामारी होऊन दोघं नदीत उडी टाकतात, भिजून खोलीवर येतात, त्यानंतरचा प्रसंग नीट आठवा. रेडिओवर बातमी लागते की राजकन्येच्या आजारपणामुळे तिच्या देशातले लोक काळजीत आहेत. ती रेडिओ बंद करते. जो म्हणतो, मला तुला काहीतरी सांगायचंय. ती म्हणते, नको, काही नको. त्याने बोलायला सुरुवात केली होती, तिने थांबवलं. त्याने बोलून टाकलं असतं तर तिलाही बोलावं लागलं असतं, आणि बोलल्यावर ती परत जाऊ शकली असती की नाही, मला शंका आहे. मग तो तिला वकिलातीजवळ सोडायला जातो, तेव्हा गाडीतही ती त्याला एवढंच सांगते की मी त्या कोपऱ्यावरून वळेन, तू त्याच्यापुढे बघू नकोस.

म्हणून कबुली पडते दुसऱ्या दिवशीच्या पत्रकार परिषदेवर. तिथे तो गर्दीत उभा दिसतो आणि तिच्या सगळं लक्षात येतं. खाली उतरून ती एकेका पत्रकाराशी हात मिळवते, प्रत्येक जण आपलं नाव आणि संस्था सांगतो. जोची पाळी येते. जो ब्रॅडली, अमेरिकन न्यूज सर्व्हिस. नाव त्याने आदल्या दिवशीही खरंच सांगितलं होतं, खोटा होता तो धंदा. तो धंदा आता तो राजदूत आणि मानकऱ्यांच्या देखत, तिच्या डोळ्यांत बघून सांगतो. मला ही पूर्ण कबुली वाटते. आणि ती म्हणते, फार आनंद झाला, मिस्टर ब्रॅडली. माझ्या मते माफी तिथे झाली.

तुम्हाला काय वाटतं?

अबोली

मळेकरीणताई, लिहिलंय सुंदर, पण मला अजिबात पटलेलं नाही.

ॲनचं खोटं आणि जोचं खोटं एका तागडीत घालू नका. तिने नाव लपवलं ते एक दिवस मोकळा श्वास घ्यायला. त्यात कुणाचं काय गेलं? जोने तिला विकायला काढली होती. सकाळी खिशात पैसे नसलेल्या मुलीला हजार लिरा देतो आणि मग पाठलाग करत जातो, योगायोगाने भेटल्यासारखं दाखवतो. सहलीची हौस पुरवतो तीसुद्धा फोटोंसाठी. कॅफेत ती आयुष्यातली पहिली सिगरेट ओढते तेव्हा लायटर कोण पुढे करतो? अर्व्हिंग. तो तिचा आनंदाचा क्षण होता आणि त्याची तिथेच चोरी झाली.

मी कळंगुटला एका हॉटेलात रिसेप्शनला आहे. किनाऱ्यावर काय चालतं ते रोज बघते. चार जण सेल्फी काढल्यासारखं करतात आणि पाठीमागे पाण्यातून बाहेर येणाऱ्या बाईला फ्रेममध्ये धरतात. परवा आमच्याकडच्या एका पाहुणीच्या लक्षात आलं, ती थरथरत आत आली. मी बाहेर जाऊन त्या पोरांना मोबाइल उघडायला लावला. एकाच्या मोबाइलवर तिचे एका मागोमाग एक फोटो, ती केस पिळतेय, टॉवेल शोधतेय. डिलीट करून घेतले. ती पोरंही हसून 'सॉरी हां' म्हणाली. तेवढ्याने झालं का?

त्यामुळे अर्व्हिंगचा लायटर मला बघवत नाही. हेपबर्न गोड आहे, पेक देखणा आहे, रोम सुंदर आहे, म्हणून आपण हसतो. शेवटी पत्रकार परिषदेत अर्व्हिंगने फोटोंचं पाकीट तिच्याच हाती दिलं हे मान्य. पण त्यात छापलेले फोटो होते, निगेटिव्ह कुणाकडे राहिल्या?

निशिगंध_म्हापसा

मी पहिल्यांदाच बघितला, शनिवारीच. अबोलीने लिहिलेलं वाचून आता परत बघावासा वाटतोय.

मला आपला 'अशी ही बनवाबनवी' आठवत होता. तिथेही फसवणूकच. भाड्याने जागा फक्त जोडप्यांना मिळणार म्हणून दोघे जण बायका होतात, आणि म्हाताऱ्या लीलाबाई काळभोर जीव लावतात. शेवटी सगळं उघडं पडतं आणि त्या पदरात घेतात. तिथे मला कधी प्रश्नच पडला नाही की का माफ केलं. इथे मात्र शेवटच्या प्रसंगात घशात आवंढा आला. असं का?

मळेकरीण

निशिगंध, 'बनवाबनवी'तल्या पोरांना डोक्यावर छप्पर हवं होतं. लीलाबाईंचं नुकसान करायचं त्यांच्या मनातही नव्हतं, उलट त्या बाईला घरभर माणसं मिळाली. शिवाय माफ केल्यावर सगळे एकत्र राहणार असतात. ॲनने माफ केलं तरी तिला त्यातून काहीच मिळणार नाही, जो पुन्हा भेटणारही नाही. आवंढा त्याचा असावा.

अबोली, तुझं उत्तर डोक्यात घोळतंय. सवडीने लिहिते.

बातमीदार_फोंडा

धागा वर आणल्याबद्दल देव बरें करूं. माझा हा आवडता सिनेमा आणि माझा धंदाही तोच, त्यामुळे लांबण लागणार.

जो ब्रॅडलीची परिस्थिती बघा. घरमालकाचं भाडं थकलंय, मित्राकडून उसने घेऊन दिवस काढतोय, रोमला कंटाळलाय आणि न्यूयॉर्कला परत जायला तिकिटाचे पैसे नाहीत. अशा माणसाच्या खोलीवर आयुष्यातली सगळ्यात मोठी बातमी चालत आलीय. मी तालुक्याच्या बातम्या ओळींच्या हिशेबाने देत सुरुवात केली, त्यामुळे सकाळी झोपलेल्या राजकन्येकडे बघताना त्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते मला आतून कळतं. त्याचं समर्थन करत नाही. कळतं, एवढंच.

एकदा मी आणि आमचा फोटोग्राफर नदीच्या काठावर होतो. पोर बुडालं होतं, शोध चालू होता. आई पायरीवर बसली होती, पदराचं टोक तोंडात धरून. फोटोग्राफरने तो क्षण टिपला. ऑफिसातून सारखे फोन, फोटो आला का, फोटो आला का. त्याने सांगितलं, उजेड नव्हता, फोटो आला नाही. माझ्यासमोर तो खोटं बोलला आणि मी गप्प राहिलो. त्या महिन्यात त्याला त्याचे परिणाम भोगावे लागले.

म्हणून माझ्यासाठी या सिनेमातला मोठा माणूस अर्व्हिंग. अबोलीबाय, रागावू नका, पुढे वाचा. जो प्रेमात पडलाय, तो बातमी सोडणारच. अर्व्हिंगला काय मिळालं? दिवसभर मान मोडून काढलेले, स्वतः धुतलेले फोटो घेऊन तो नाचत येतो. तो म्हणतोही की राजकन्या म्हणजे उघड शिकार, तिच्यावर कुणीही नेम धरावा. जो त्याला अडवत नाही, फोटो विकायचे तर वीक, चांगली किंमत येईल, असंच सांगतो. म्हणजे निर्णय पूर्णपणे अर्व्हिंगचा. रात्रीत त्याच्या मनात काय झालं ते सिनेमा दाखवत नाही. सकाळी तो पाकीट घेऊन हजर होतो आणि सांगतो, आपल्या रोमभेटीची आठवण म्हणून काही फोटो. ती पाकीट किलकिलं करून बघते तर वर तिचाच फोटो, गुप्तहेराच्या डोक्यात गिटार हाणताना.

पण आणखी एक. पाकीट देण्याआधी अर्व्हिंग तिच्यासमोर तोच लायटर उघडून क्लिक करतो. काल लपवून, आज तिच्या डोळ्यांदेखत. हा कॅमेरा होता, हे तो तिला दाखवून देतो. अर्व्हिंगची कबुली ती हीच.

अबोली

लायटरचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. ते मान्य करते.

नदीकाठचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. तुमच्या फोटोग्राफरने बरोबर केलं.

पण भाऊ, विकायचा विचार रद्द करणं म्हणजे चोरीचा माल परत करणं. त्याला मोठेपणा म्हणायला माझी जीभ वळत नाही.

रंगपट

पेडण्याहून लिहितोय. मी दशावतारात स्त्री पार्ट करतो, त्यामुळे सोंगाबद्दल थोडं बोलायचा अधिकार घेतो.

आमच्याकडे लिहिलेली संहिता नसते. कथा कुठली लावायची ते ठरतं आणि संवाद जागेवर सुचतात. पेटाऱ्याच्या कडेला आरसा टेकवून प्रत्येक जण आपला चेहरा आपणच रंगवतो. लुगडं नेसून झालं, कुंकू लावलं, की मग मी कुणाशी माझ्या घरचं बोलत नाही. समोर मांड्या घालून बसलेल्या प्रेक्षकाला ठाऊक असतं की हा पुरुष आहे. त्याने ते सोंग मान्य केलेलं असतं, म्हणून ते खोटं कुणाला लागत नाही. जोच्या सोंगात ॲनला कुणी विचारलं नव्हतं. इथे मी अबोलीच्या बाजूला.

पण सत्याच्या मुखाचा प्रसंग घ्या. रोममध्ये एका चर्चच्या ओसरीत दगडी चेहरा आहे, उघड्या तोंडाचा. खोटारड्याने हात घातला तर तो चेहरा हात तोडतो अशी समजूत. जो तिला तिथे घेऊन जातो आणि म्हणतो, घाल हात. ती बोटं जवळ नेते आणि मागे घेते. मग म्हणते, आता तू. तो घालतो आणि किंचाळतो. हात बाहेर काढतो तर मनगटापुढे पंजाच नाही. ती ओरडून त्याच्या अंगावर झेपावते, आणि बाहीतून पंजा बाहेर येतो. पेकने हेपबर्नला आधी सांगितलं नव्हतं की मी हात बाहीत लपवणार आहे. तिची किंकाळी खरी आहे.

मी तो तुकडा कितीदा मागे-पुढे करून पाहिलाय. नटाने नटीला फसवलं, पात्राने पात्राला फसवलं, आणि त्या दोन फसवणुकींतून जे बाहेर पडलं ते शंभर टक्के खरं. ती पळून गेली नाही, त्याचा हात शोधत त्याच्याकडे धावली. आमच्यात समोरच्याने अचानक वेगळाच संवाद टाकला की असं होतं, चेहऱ्यावर पुढचं पात्र यायच्या आत माणूस दिसून जातो. माझ्या मते ती त्याच्या प्रेमात तिथे पडली. आणि त्यालाही तिथेच कळलं की आपण काय करतोय.

कुळागर

रंगपट, तुम्ही तो दगडी चेहरा सांगितलात आणि मला आपली देवळं आठवली. आमच्या लहानपणी घरात काही चोरीला गेलं, भावांत वाटणीवरून वाद झाला, की म्हातारी माणसं म्हणत, चल, देवाच्या पायरीवर हात ठेवून सांग. निम्मी भांडणं तिथवर पोचायच्या आतच मिटत. खोटं बोलणाऱ्याचा पाय वाटेतच अडखळायचा. ॲनची बोटं मागे येतात ती तशीच.

मी मोठं लिहिणारी नाही, पण धाग्याच्या विषयाला धरून घरातली एक गोष्ट सांगते. भाचीचं लग्न ठरलं होतं. मुलगा डिचोली भागातला, खनिजाचा ट्रक आहे म्हणून सांगितलेलं, स्वतःचा. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या आणि दारोदार ट्रक उभे राहिले. हप्ते कुणाचे किती थकलेत ते तेव्हा गावाला कळलं. हा मुलगा एका संध्याकाळी एकटाच आमच्याकडे आला. ओसरीवर बसला, पिशवीतून बँकेचे कागद काढून भावजीच्या पुढ्यात ठेवले. ट्रक बँकेचा आहे, एवढं फेडायचंय, मागणी घालताना घरच्यांनी लपवलं आणि मी गप्प बसलो, असं म्हणाला. पाणीसुद्धा प्यायला नाही. भाची आतून सगळं ऐकत होती. बाहेर येऊन तिने कागद उचलले, एकेक पान वाचलं, आणि हप्ता महिन्याला किती ते विचारलं. लग्न झालं. संसार चांगला चाललाय.

भाचीने त्याला माफ केलं कारण तो लग्नाआधी आला. नंतर कळलं असतं तर तिने केलं असतं असं मला वाटत नाही. जोने उशीर केला, असंच मी म्हणेन. पण हेही खरं की तो सांगायला गेला तेव्हा पोरीने ऐकून घेतलं नाही.

श्रीरंग_मडगाव

या सिनेमाच्या पडद्यामागेही एक खोटं नाव आहे, आणि ते कळल्यापासून मला सिनेमा वेगळा दिसतो.

कथा डाल्टन ट्रंबोची. अमेरिकेत कम्युनिस्ट शोधायची लाट आली तेव्हा १९४७ मध्ये संसदेच्या समितीपुढे उत्तरं द्यायला नकार देणाऱ्या 'हॉलिवूड टेन'पैकी तो एक. त्यासाठी तुरुंगात गेला आणि काळ्या यादीत पडला, म्हणजे त्याच्या नावावर कुठलाच स्टुडिओ काम घेईना. मित्र इयन मॅकलेलन हंटर याने आपलं नाव दिलं. पडद्यावर हंटरचं नाव गेलं, आणि सर्वोत्कृष्ट कथेचं ऑस्कर मिळालं तेही हंटरला. हेपबर्नला अभिनयाचं आणि ईडिथ हेडला वेशभूषेचं मिळालं ते याच सिनेमासाठी. ट्रंबो १९७६ मध्ये वारला. ॲकॅडमीने ते ऑस्कर १९९३ मध्ये त्याच्या पत्नीच्या हाती दिलं. पटकथेच्या श्रेयनामावलीत त्याचं नाव परत आलं २०११ मध्ये.

आता ही कथा लिहिणारा माणूस डोळ्यांपुढे आणा. स्वतःच्या नावाने घराबाहेर पडता येत नाही अशी मुलगी तो लिहितो. तिला एक दिवस दुसऱ्या नावाने हिंडू देतो. आणि शेवटी एक माणूस, ज्याच्या हातात तिची बदनामी करायची सगळी साधनं आहेत, तो तोंड उघडत नाही. ज्या काळात साक्ष देऊन मित्रांची नावं सांगणाऱ्यांना काम मिळत होतं, त्या काळात ट्रंबोने न सांगणारा बातमीदार लिहिलाय. पत्रकार परिषदेत ॲनला राष्ट्रांमधल्या संबंधांबद्दल विचारतात, ती म्हणते, माझा त्यावर विश्वास आहे, जसा माणसामाणसांतल्या नात्यांवर आहे. त्यावर जो मध्येच बोलतो की माझ्या संस्थेच्या वतीने सांगतो, आपला विश्वास वाया जाणार नाही. बाकीच्यांना ते औपचारिक वाटतं. मला तिथे ट्रंबोचा आवाज ऐकू येतो.

बातमीदार_फोंडा

श्रीरंग, हे माहीत होतं पण असं जोडून पाहिलं नव्हतं. हंटरबद्दलही थोडं लिहायला हवं. दुसऱ्याच्या कामाचं बक्षीस आपल्या नावावर घेऊन गप्प राहणं मित्रासाठी सोपं नसणार. पुढे तो स्वतःही काळ्या यादीत गेला.

गुळवेल

थोडं अवांतर. आमच्या फोंड्यात उत्सवाला आजही 'संशयकल्लोळ' लावलं की मंडप भरतो. गोविंद बल्लाळ देवलांचं नाटक, संगीत रूपात १९१६ मध्ये आलं. तिथे सगळा घोळ एका तसबिरीचा. रेवतीच्या हातून तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची तसबीर पडते, ती कृत्तिकेला सापडते, ती निरखताना कृत्तिका तिच्या संशयी नवऱ्याला, फाल्गुनरावाला दिसते आणि झालं. कुणी कुणाला फसवलेलं नाही तरी दोन घरं पेटतात. इथे फसवणूक खरीखुरी आहे, फोटोही खरे आहेत, आणि तरी शेवटी विश्वास राहतो. देवलांच्या नाटकात भांडण मिटल्यावर मला फाल्गुनरावाबद्दल खात्री वाटत नाही. उद्या दुसरी तसबीर सापडली तर तो पुन्हा तेच करणार. जो ब्रॅडली पुन्हा असं करणार नाही असं मात्र वाटतं.

मळेकरीण

गुळवेल, अवांतर कसलं, मुद्द्याचंच आहे.

आता अबोलीला उत्तर. तुझा आक्षेप मी टाळणार नाही. दोघांचं खोटं सारखं नाही, हे बरोबर. मी वर लिहिताना ते वजन केलंच नव्हतं. पण तू म्हणतेस तसं तो फक्त विकणारा असता तर वायलरने आपल्याला दिवसभर त्याच्या बाजूने चालवलं नसतं. आपल्याला पहिल्यापासून माहीत असतं की तो फसवतोय. तिला माहीत नसतं. म्हणजे त्या कटात आपणही सामील असतो, व्हेस्पावर हसतो, फोटो आला का म्हणून मान उंच करून बघतो. मग नाचाच्या वेळी ती त्याला म्हणते की तू माझ्यासाठी सगळा दिवस दिलास, इतका निःस्वार्थी माणूस मी पाहिला नाही. तेव्हा पेकचा चेहरा बघ. तो नजर चुकवतो. मला तरी तिथे स्वतःचीच चोरी पकडली गेल्यासारखं झालं. तुला किनाऱ्यावरच्या ज्या पोरांचा राग येतो, त्यांच्या चेहऱ्यावर हे कधी आलं नसणार.

दुसरं. ॲनला आपण बिचारी करून टाकतोय. रात्री ती परत येते तेव्हा राजदूत तिला कर्तव्याची आठवण करून देतो. ती त्याला स्पष्ट सुनावते की कर्तव्याची जाणीव नसती तर मी आज रात्री परत आलेच नसते, कधीच आले नसते. आदल्या रात्री दूध-बिस्किटं घेऊन झोपायला लावलेली हीच मुलगी. सकाळी पत्रकारांत जो दिसल्यावर तिला घाबरायला पुरेसं कारण होतं. ठरलेली, पाठ केलेली उत्तरं तेवढी देऊन ती आत जाऊ शकली असती. कुठलं शहर सर्वांत आवडलं असं विचारतात. ती पाठ केलेलं सुरू करते की प्रत्येक शहर आपापल्या परीने अविस्मरणीय, निवड करणं अवघड, आणि मध्येच थांबते. म्हणते, रोम. निश्चितच रोम. जन्मभर ही भेट आठवणीत जपेन. आणि मग कार्यक्रमात नसताना खाली उतरून पत्रकारांना भेटायला जाते. तिला कुणी भाग पाडलं नाही. माफ करायचं की नाही हे ठरवायचा तिचा अधिकार होता आणि तो तिने सगळ्यांसमोर वापरला. आपण तिच्या वतीने रागावतो तेव्हा तो अधिकार तिच्याकडून काढून घेतो, असं मला वाटतं.

अबोली

शेवटचं वाक्य लागलं. विचार करतेय.

हो, ॲनला बिचारी म्हणणं चूक. ती ज्या तऱ्हेने खाली उतरते ते मी पुन्हा बघितलं आत्ता. जोशी बोलताना आवाज हलत नाही तिचा, आणि पुढच्या पत्रकारालाही तितकंच हसून ती नमस्कार करते. हे करायला जी ताकद लागते ती मला माझ्या कामामुळे माहीत आहे. आत काहीही चाललेलं असो, काउंटरवर चेहरा सांभाळावा लागतो.

तरी एक म्हणते. तिने माफ केलं ते तिचं. प्रेक्षक म्हणून मी जोला माफ करायला बांधलेली नाही. आपल्याकडे बाईने माफ केलं की सगळा गाव म्हणतो, झालं मग, तिनेच सोडून दिलं तर तुम्ही कोण? आमच्या त्या पाहुणीनेही पोलिसांत जायला नको म्हटलं होतं. म्हणून मी काही ती पोरं विसरले नाही.

रंगपट

हे पटलं मला. सोंग उतरल्यावर रंग पुसायला खोबरेल लागतं आणि कानामागे थोडा राहतोच. जोच्याही राहिला असणार.

कुळागर

अबोलीबाय, तू विसरू नकोस. भाचीनेही ते कागद अजून ठेवलेत. फेडून झाल्यावर बँकेने दिलेला दाखला त्यांच्यावरच टाचलाय.

निशिगंध_म्हापसा

परत बघितला. शेवटी सगळे निघून गेल्यावर जो त्या मोठ्या दालनातून एकटाच चालत येतो ना, तेव्हा मी वाट बघत होते की मागून ती धावत येईल. माहीत असूनसुद्धा. एकदा तो थांबून मागे वळतोही.

मळेकरीणताई, एक विचारायचं राहिलं. त्याने मागे वळून बघितलं, म्हणजे कोपऱ्यापुढे बघणार नाही हे वचन त्याने मोडलं का?

मळेकरीण

नाही गं. ते वचन गाडीतलं होतं आणि तिथे त्याने ते पाळलं. वकिलातीच्या फाटकाकडे ती धावत गेली तेव्हा तो गाडीतून उतरला नाही. हे दालन तर पत्रकारांना बोलावलेलं दालन, इथे तो आपल्या खऱ्या ओळखीने आलाय. इथे त्याने हवं तितकं मागे वळून बघावं.

पुढच्या महिन्यात वाचनालयात कुठला लावायचा ते सुचवा. अबोली, या वेळी निवड तुझी, आणि चर्चा तूच सुरू कर.

अबोली

चालेल. पण कुळागरकाकींना घेऊन या.